ग्रंथपालाचे अखंड शिक्षण

वैद्यक शिकल्यावाचून कोणी नाडी धरू नये, कायदा वाचल्यावाचून कोणी वकिली करू नये आणि अध्यापनाचा अभ्यास केल्यावाचून कोणी वर्गावर उभे राहू नये, हे आता सर्वमान्य झालेले आहे. ग्रंथालयाच्या बाबतीत मात्र सुशिक्षित घरांतूनही अद्यापि एक प्रश्न निःशंकपणे विचारला जातो. पुस्तके द्यावयाची आणि परत घ्यावयाची, यात शिकण्यासारखे ते काय आहे? गावात एखादे वाचनालय निघाले की कपाटाच्या किल्ल्या कोणाच्या हाती द्यावयाच्या, याचा विचार होतो. त्या हाती घेणाऱ्याने काय शिकलेले असावे, याचा सहसा होत नाही. आणि त्याने एखादी परीक्षा दिलेली असलीच, तर तेवढ्यावर त्याचे शिक्षण पुरे झाले, असे सर्वजण धरून चालतात. या दोन्ही समजुती कितपत खऱ्या आहेत आणि ग्रंथपालास शिकण्याच्या व शिकत राहण्याच्या कोणत्या वाटा आज मोकळ्या आहेत, याचा येथे थोडक्यात विचार करावयाचा आहे.

विचार हवेत राहू नये म्हणून एक गाव डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे होईल. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाड्यापलीकडे, नवलाख उंबरे नावाचे गाव आहे. हा सारा टापू मूळचा भातशेतीचा. गेल्या काही दशकांत तळेगावची औद्योगिक वसाहत या बाजूस पसरली आणि भातखाचरांच्या शेजारी कारखाने उभे राहिले. अशा गावी एखादे लहानसे वाचनालय चालवावयाचे म्हटले, तर त्याच्या दारात कोण कोण येईल? भातावरच्या करप्याची माहिती विचारणारा शेतकरी येईल, स्पर्धा-परीक्षेची तयारी करणारी मुलगी येईल, कारखान्यातील पाळी संपवून दुसऱ्या प्रांतातील कामगार येईल, मोठ्या अक्षरांतील पोथी मागणाऱ्या आजीबाई येतील आणि शाळेतून मिळालेला प्रकल्प हाती घेऊन एखादे मूलही येईल. या पाचांना एकच माणूस तोंड देणार आहे.

यांतील पहिलाच वाचक घ्यावा. मावळातील शेतकऱ्याचा भात बहुधा इंद्रायणी जातीचा असावयाचा. ही जात त्याच तालुक्यातील वडगावच्या कृषि संशोधन केंद्रात निपजलेली आहे. त्याच्या प्रश्नाचे उत्तर कादंबऱ्यांच्या कपाटात नाही, हे कोणासही कळेल. परंतु ते कोणत्या पुस्तकात, कोणत्या नियतकालिकात अथवा कोणत्या सरकारी प्रकाशनात सापडेल, ते प्रकाशन किती जुने आहे, त्यात सांगितलेले औषध आजही वापरात आहे काय आणि हे सारे आपल्याजवळ नसेल तर कोठून मागवावे, हे कळण्यास अभ्यास लागतो. या कामास ग्रंथालयशास्त्रात संदर्भसेवा असे नाव आहे. पुस्तक देणाऱ्यात आणि संदर्भसेवा करणाऱ्यात जो फरक आहे, तो औषधाची बाटली देणाऱ्यात आणि दुखणे ओळखणाऱ्यात असतो तेवढाच आहे.

दुसरी गोष्ट वर्गीकरणाची. पुस्तके कपाटात कोणत्या क्रमाने लावावयाची, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. मेल्विल ड्यूई या अमेरिकन गृहस्थाने १८७६ साली दशांश वर्गीकरणाची पद्धत प्रसिद्ध केली. तीत सर्व ज्ञानाचे दहा मुख्य विभाग पाडून प्रत्येकाचे पुन्हा दहा-दहा पोटविभाग केलेले आहेत. ही पद्धत जगभर चालते आणि महाराष्ट्रातही ती मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. परंतु ती जेथे जन्मली तेथील कपाटे पाहून ती रचली गेली. इंग्रजी वाङ्मयास तीत ८२० पासूनचे मोकळे अंगण मिळाले. मराठी वाङ्मयास ८९१.४६ या अंकामागे एक कोपरा मिळाला. धर्माच्या विभागात ख्रिस्ती धर्मास प्रशस्त जागा आहे, तर हिंदुधर्म २९४.५ या अंकाखाली बसविलेला आहे. आता ज्या खेड्यातील वाचनालयात दहांपैकी आठ पुस्तके मराठी कथा-कादंबऱ्यांचीच असतील, तेथे नियमाबरहुकूम अंक घातले तर जवळजवळ प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर ८९१.४६ याच अंकाने प्रारंभ होणार! केवळ नियम पाठ केलेला मनुष्य तेच करीत बसेल. ज्याला नियमामागील हेतू समजला आहे, तो कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, बालवाङ्मय अशी सोयीची मांडणी करून नोंदीत मात्र मूळ अंक जतन करील.

याच तालुक्यातील दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. योगशास्त्राचे शास्त्रीय संशोधन हे तिचे कार्य असून योगविषयक हस्तलिखितांची वर्णनात्मक सूचीही तेथून प्रसिद्ध झालेली आहे. योगावरील तीन पुस्तके ड्यूईच्या पद्धतीने लावावयाची झाल्यास तत्त्वज्ञान म्हणून योग १८१.४५ या अंकावर जातो, साधना म्हणून तो २९४.५४३६ वर जातो आणि व्यायाम म्हणून ६१३.७०४६ वर जातो. म्हणजे एकाच विषयाची तीन पुस्तके तीन कपाटांत विखुरतात. ज्या संस्थेचा सारा व्यवहारच योगाचा आहे, तेथील ग्रंथपालास या अडचणीतून मार्ग काढावयाचा, तर वर्गीकरणाबरोबर त्या विषयाचीही जाण हवी. सारांश, ग्रंथपालाचे शास्त्र सर्वत्र एक असले, तरी त्याचा अभ्यास त्या त्या ठिकाणी वेगळा होतो, आणि तो नोकरीत शिरल्यावरच खऱ्या अर्थाने सुरू होतो.

या शास्त्राच्या शिक्षणाचा इतिहास फार जुना नाही. ग्रंथपालांसाठी पहिली शाळा ड्यूई यांनीच न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात १८८७ साली काढली. हिंदुस्थानात तिचे लोण आणण्याचा मान बडोद्याच्या श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांकडे जातो. महाराजांनी १९०६ साली आपल्या संस्थानात सक्तीचे मोफत शिक्षण सर्वत्र लागू केले. परंतु मुलगा चार बुके शिकला आणि पुढे त्याच्या हाती वाचावयास काहीच आले नाही, तर दहा वर्षांनी तो पुन्हा निरक्षर होतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते. शाळेच्या पाठोपाठ ग्रंथालय हवे, आणि ग्रंथालयाच्या पाठोपाठ ते चालविणारा शिकलेला मनुष्य हवा, ही साखळी त्यांनी ओळखली. अमेरिकेच्या प्रवासात तेथील ग्रंथालये पाहून आल्यावर त्यांनी न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बोर्डेन यांस १९१० साली बडोद्यास पाचारण केले. पुढील वर्षी, म्हणजे १९११ साली, बोर्डेन यांनी बडोद्यास ग्रंथपालांचा वर्ग सुरू केला. या देशातील ग्रंथालय-शिक्षणाचा तो श्रीगणेशा होय.

बडोद्याच्या योजनेत लक्ष देण्याजोगी गोष्ट अशी की, तिचे तोंड राजधानीकडे नव्हते. खेड्याने काही रक्कम उभी केली की तितकीच रक्कम प्रांत-पंचायत व तितकीच दरबार घाली, आणि तीन वाट्यांतून गावचे ग्रंथालय उभे राही. जेथे तेही शक्य नसे, तेथे फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या जात. पेटी गावात यावयाची, पुस्तके वाचून व्हावयाची आणि पेटी पुढच्या गावी जावयाची. बोर्डेन १९१३ साली स्वदेशी परतल्यावर या खात्याची धुरा जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्याकडे आली. खेड्यांतील कामास मोतीभाई अमीन यांच्यासारखा निष्ठावंत कार्यकर्ता लाभलेला होता. १९१२ पासून काही वर्षे बडोद्याहून ग्रंथालयविषयक एक नियतकालिकही निघत असे, आणि त्यात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठी मजकूरही येई. वर्गात एकदा शिकून गेलेल्या माणसापर्यंत नवे विचार पोहोचत राहावेत, ही दृष्टी शतकापूर्वी तेथे होती, असे म्हणावयास हरकत नाही.

बडोद्यामागोमाग लाहोरास पंजाब विद्यापीठात १९१५ साली आसा डॉन डिकिन्सन या अमेरिकन ग्रंथपालाने वर्ग काढला. परंतु या क्षेत्रास सर्वांत मोठा पुरुष मिळाला तो दक्षिणेत. १९२४ साली मद्रास विद्यापीठाने आपल्या ग्रंथालयावर शियाळी रामामृत रंगनाथन या गणिताच्या प्राध्यापकांची नेमणूक केली. मुलांनी गजबजलेल्या वर्गातून ते एकदम निःशब्द दालनात येऊन पडले. काम काय करावे हे कळेना आणि दिवस जाईना, म्हणून थोड्याच दिवसांत त्यांनी पुन्हा अध्यापनाकडे परत जाऊ देण्याची विनंती केली. तेव्हा, एकदा विलायतेस जाऊन या विषयाचे शिक्षण घेऊन यावे आणि त्यानंतरही मन रमले नाही तर खुशाल परतावे, असे त्यांस सांगण्यात आले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सेयर्स यांच्या हाताखाली त्यांनी अभ्यास केला, इंग्लंडातील शेकडा-सव्वाशे ग्रंथालये हिंडून पाहिली, आणि १९२५ साली ते परतले ते जन्मभर ग्रंथालयाचेच होऊन. १९२९ साली मद्रास ग्रंथालय संघाच्या वतीने त्यांनी ग्रंथपालांचा वर्ग सुरू केला. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली आणि १९३३ साली द्विबिंदु वर्गीकरणाची स्वतंत्र पद्धती प्रसिद्ध केली. ग्रंथालय ही सतत वाढत राहणारी सजीव वस्तू आहे, हा त्यांच्या पाचव्या सूत्राचा आशय. त्यांचा जन्मदिवस १२ ऑगस्ट हा आज देशभर ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी हारतुरे पुष्कळ होतात. परंतु कामास कंटाळलेला एक बुद्धिमान मनुष्य शिक्षण मिळताच त्या कामाचा आचार्य झाला, हा त्यांच्या चरित्रातील धडा क्वचितच कोणी सांगतो.

मुंबई इलाख्यात १९३९ साली सरकारने आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय-विकास समिती नेमली. राजधानीतील मध्यवर्ती ग्रंथालयापासून थेट खेड्यापर्यंत ग्रंथालयांची उतरंड असावी, अशी योजना या समितीने १९४० साली पुढे ठेवली. महायुद्धामुळे ती काही काळ कागदावर राहिली व स्वातंत्र्यानंतर तिच्यातील काही भाग अंमलात आला. १९४४ साली मुंबई ग्रंथालय संघाची स्थापना होऊन ग्रंथपालांचे वर्ग निघाले. त्याच सुमारास मुंबई विद्यापीठाने पदविकेचा अभ्यासक्रम सुरू केला. पुढील दशकात नागपूर व पुणे येथील विद्यापीठांनी या विषयास जागा दिली, आणि १९६१ साली मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने त्यासाठी वेगळे विद्यालय काढले. १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम संमत होऊन १ मे १९६८ पासून लागू झाला. त्याने ग्रंथालय संचालनालय अस्तित्वात आले, आणि लोकांनी चालविलेल्या ग्रंथालयांस अ, ब, क, ड अशा वर्गवारीने सरकारी अनुदान मिळू लागले. आज राज्यात अशी सुमारे अकरा हजार मान्यताप्राप्त ग्रंथालये आहेत.

आता या शिक्षणाची शिडी आज कशी उभी आहे, ते पाहू. पहिली पायरी प्रमाणपत्र-वर्गाची. शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या कोणासही तीवर पाऊल ठेवता येते. जिल्हा ग्रंथालय संघांसारख्या संस्था संचालनालयाच्या मान्यतेने हा सुमारे सहा महिन्यांचा वर्ग मराठीतून चालवितात व परीक्षा संचालनालय घेते. दाखलनोंद वही कशी ठेवावी, वर्गांक कसा द्यावा, तालिका कशी करावी, देवघेवीची व्यवस्था कशी लावावी, हे मूळ धडे येथे मिळतात. दुसरी पायरी पदवीची. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर एका वर्षात ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदवी घेता येते आणि त्यानंतर पदव्युत्तर पदवी. पुण्याचे विद्यापीठ, ज्यास २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे, तेथे हे शिक्षण मिळते. तळेगावहून लोकलगाडीने पुणे सुमारे तासाभराच्या अंतरावर असल्याने मावळातील विद्यार्थ्यास ते अगदीच अप्राप्य नाही. परंतु ज्याला रोज संध्याकाळी वाचनालयाचे दार उघडावयाचे आहे, त्याच्यासाठी दूरशिक्षण हाच खरा मार्ग. १९८९ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून तो हे शिक्षण मराठीतून घेऊ शकतो, आणि दिल्लीच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रमही त्यास घरबसल्या करता येतात. कॉलेजात ग्रंथपाल व्हावयाचे असल्यास पदव्युत्तर पदवीपुढे विद्यापीठ अनुदान आयोगाची पात्रता-परीक्षा आहे आणि त्यापुढे संशोधनाचा मार्ग आहे.

येथपर्यंतचे शिक्षण नोकरी मिळविण्याचे झाले. परंतु ग्रंथपालाची विद्या आंब्याच्या लोणच्यासारखी मुरत जाणारी नाही. ती दुधासारखी आहे, रोज पाहावी लागते. तीस वर्षांपूर्वी ज्याने तालिकेची पत्रके सुवाच्य अक्षरांत लिहिण्यात प्रावीण्य मिळविले, त्याच्यापुढे आज संगणक येऊन बसला आहे. न्यूझीलंडातील एका लहान ग्रंथालय-संस्थेने १९९९ साली संगणकावर ग्रंथालय चालविण्याची एक प्रणाली तयार करविली आणि २००० साली ती सर्व जगास विनामूल्य खुली केली. तिचे नाव कोहा. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ भेट असा आहे. आपल्या देशात राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय ही प्रणाली आहे, आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी गुजरातेतील इन्फ्लिबनेट या संस्थेने सोल ही प्रणाली सिद्ध केली आहे. ही साधने हाताळावयाची तर शिकावी लागतात, आणि शिकून पाच वर्षे झाली की नवी आवृत्ती पुन्हा शिकावी लागते.

दुसरे क्षेत्र कायद्याचे. एखादे जुने पुस्तक जीर्ण झाले असता त्याची छायाचित्रे घेऊन ती सर्वांस वाचावयास द्यावी काय? याचे उत्तर मनाच्या उदारपणावर अवलंबून नाही. आपल्या देशाच्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे आज लेखकाच्या मृत्यूनंतर पुढील कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा स्वामित्वाधिकार चालू राहतो; १९९२ पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून तशा पुस्तकांवरील अधिकार २०१० अखेर संपला. आचार्य अत्रे १९६९ साली गेले, म्हणून त्यांचे साहित्य २०२९ संपेपर्यंत संरक्षित राहील. मूळ ग्रंथ मुक्त झाला, तरी त्याच्या अलीकडील भाषांतरावर भाषांतरकाराचा स्वतंत्र अधिकार असू शकतो. हे गणित ज्यास ठाऊक नाही, तो एक तर भिऊन काहीच करणार नाही किंवा न भिता भलतेच करून बसेल.

तिसरे क्षेत्र माहितीच्या महापुराचे. सर्व काही भ्रमणध्वनीवर मिळते, मग ग्रंथपाल कशास हवा, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. नवलाख उंबऱ्यासारख्या गावातील ती परीक्षार्थी मुलगी घ्या. तिच्या भ्रमणध्वनीवर दिवसाकाठी शंभर सूचना येतात. त्यांतील परीक्षेची तारीख खरी कोणती, अभ्यासक्रम बदलल्याची बातमी अधिकृत आहे की अफवा, हे पारखण्याची रीत तिला कोणीतरी शिकविली पाहिजे. खरगपूरच्या तंत्रशिक्षण संस्थेने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली राष्ट्रास अर्पण झाले. त्याचा उपयोग विनामूल्य आहे, परंतु ते आहे हेच अनेक घरांस ठाऊक नसते. जो ग्रंथपाल स्वतः ते उघडून पाहावयास शिकला आहे, तो त्या मुलीपुढे हजारो ग्रंथ ठेवू शकेल. जो शिकलेला नाही, तो तिच्यापुढे चार कपाटे ठेवील.

नोकरीत असताना शिकण्याच्या संधी आज कोणास किती आहेत, हे पाहू लागले म्हणजे एक विषमता नजरेस येते. कॉलेजातील ग्रंथपालास उजळणी-वर्ग आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आश्रयाखाली १९८७ पासून अध्यापकांच्या प्रशिक्षणाची केंद्रे चालू असून तेथे दोन-तीन आठवड्यांचे वर्ग भरतात. या वर्गांची हजेरी त्याच्या बढतीस आवश्यक धरली जाते, म्हणून संस्थाही त्यास रजा देते. २०१७ साली निघालेल्या स्वयम् या सरकारी व्यासपीठावर त्यास घरी बसून पाठ ऐकता येतात. इन्फ्लिबनेटची शिबिरे आहेत, परिषदा आहेत. हे सारे योग्यच आहे. परंतु सार्वजनिक ग्रंथालयांकडे वळताच चित्र पालटते. राज्य ग्रंथालय संघाची अधिवेशने भरतात, संचालनालयाची व जिल्हा संघांची शिबिरे होतात आणि उत्तम ग्रंथालय-सेवकास रंगनाथन यांच्या नावाचा पुरस्कारही दिला जातो. तथापि खालच्या वर्गातील ग्रंथालयात बहुधा एकच मनुष्य असतो, तोही थोड्या तासांपुरता, आणि त्याचे मानधन अनुदानातून निघते. शिबिरास जावयाचे तर त्या दिवशी वाचनालयास कुलूप पडते. प्रवासखर्च कोणी द्यावा हे ठरलेले नसते. आणि शिकून आल्यावर त्याच्या मानधनात एका रुपयाची भर पडत नाही. पैसा, वेळ आणि फळ या तिन्ही बाजूंनी ज्याची वाट अडलेली आहे, त्यास आस्था नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल.

आणि येथेच या प्रश्नाचे मर्म आहे. कॉलेजातील विद्यार्थ्यास ग्रंथपाल चुकला तरी प्राध्यापक आहेत, मित्र आहेत, शहरातील दुसरी ग्रंथालये आहेत. खेड्यातील वाचकास त्या एका माणसापलीकडे दुसरा आधार नसतो. म्हणजे ज्याच्या शिक्षणावर सर्वांत अधिक अवलंबून आहे, त्यालाच शिक्षणाची संधी सर्वांत कमी, अशी उलटी रचना झालेली आहे. ती सुलटी करण्याचे मार्ग काही गूढ नाहीत. बडोद्याने ग्रंथांच्या पेट्या गावोगाव पाठविल्या. त्याच न्यायाने शिक्षणही गावाकडे जावयास हवे. वडगाव अथवा तळेगाव येथे तालुक्यातील दहा-पंधरा वाचनालयांच्या सेवकांसाठी महिन्यातून एक दिवस वर्ग भरविता येईल. त्यांस शिकविण्यास दुरून कोणी आणावयास नको. त्याच तालुक्यातील कॉलेजांचे ग्रंथपाल हे काम उत्तम प्रकारे करतील, आणि उजळणी-वर्गात त्यांस जे मिळाले ते अशा रीतीने खालपर्यंत झिरपेल. एका महिन्यात वर्गीकरण, दुसऱ्यात संगणकावरील नोंदी, तिसऱ्यात जीर्ण पुस्तकांची निगा, चौथ्यात कालबाह्य पुस्तकांचे निर्लेखन असा वर्षाचा क्रम लावला, तर फार खर्च न करता पुष्कळ काम होईल. वर्गाच्या दिवशी वाचनालयाचे दार उघडे ठेवण्यास समितीतील एखाद्या सभासदाने दोन तास बसावे, एवढीच अपेक्षा.

शहरातील सुशिक्षित कुटुंबांचाही यात वाटा आहे. घर आवरताना निघालेली जुनी क्रमिक पुस्तके, कालबाह्य मार्गदर्शिका आणि पाने गळलेली मासिके खेड्यातील वाचनालयास पाठवून ग्रंथदानाचे समाधान मिळविणारी घरे पुष्कळ आहेत. त्या गठ्ठ्याची नोंद करण्यात व त्यास जागा शोधण्यात त्या एकट्या माणसाचे कित्येक दिवस जातात, आणि वाचकाच्या हाती त्यांतून फारच थोडे पडते. त्याऐवजी तितक्याच खर्चात त्या माणसाच्या प्रमाणपत्र-वर्गाचे शुल्क अथवा मुक्त विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाची फी कोणी भरली, तर ते दान अनेक वर्षे पुरेल. पुस्तक द्यावयाचेच असेल, तर आधी त्या ग्रंथपालास विचारावे, आणि त्याने मागितलेले एकच पुस्तक नवे घेऊन द्यावे. त्याला विचारणे हाही त्याच्या विद्येचा मान आहे. ज्याचे मत कोणी विचारीत नाही, त्यास अधिक शिकण्याची ओढ कोठून राहणार?

जी तरुण मुले-मुली हे काम पत्करू इच्छितात, त्यांनी आरंभी दोन गोष्टी कराव्यात. एक, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे अथवा जिल्हा संघाकडे जाऊन प्रमाणपत्र-वर्ग केव्हा भरतो व अर्ज केव्हा द्यावयाचा, हे समक्ष विचारून घ्यावे. दुसरी, वर्ग सुरू होण्यापूर्वी जवळच्या एखाद्या चांगल्या ग्रंथालयात काही संध्याकाळी बसून काम पाहावे. पुण्यात त्यासाठी नमुन्यांची वाण नाही. १८४८ साली स्थापन झालेले पुणे नगर वाचन मंदिर आहे, विश्रामबागवाड्यातील शासकीय विभागीय ग्रंथालय आहे. तेथील अनुभवी सेवक वाचकाचा प्रश्न कसा ऐकून घेतो, त्याने न विचारलेले कसे ओळखतो आणि नाही म्हणण्याऐवजी दुसरे काय सुचवितो, हे कोणत्याही पुस्तकाहून तेथे अधिक चांगले कळेल.

नवलाख उंबरे या नावाची उपपत्ती विद्वान देतील ती देवोत. त्यात उंबरा हा शब्द आहे खरा, आणि ग्रंथालयाचे सारे यश उंबऱ्यापाशी ठरते. शेतकरी, कामगार, आजीबाई आणि ती परीक्षार्थी मुलगी वाचनालयाचा उंबरा एकदा ओलांडतातच. दुसऱ्यांदा ती येतील की नाही, हे आत बसलेल्या माणसाने त्यांच्या प्रश्नाचे काय केले यावर अवलंबून राहते. राज्यातील अकरा हजार ग्रंथालयांच्या इमारती, कपाटे आणि अनुदाने यांची चर्चा वर्षानुवर्षे होत आली आहे व ती व्हावयासही हवी. तिच्याच बरोबरीने, त्या इमारतीत बसणाऱ्या माणसाने मागील वर्षी नवे काय शिकले आणि ते शिकण्यास त्यास कोणी साहाय्य केले, हा प्रश्न प्रत्येक वाचनालयाच्या वार्षिक सभेत एकदा विचारला जावा. पहिल्या वर्षी उत्तर बहुधा मिळणार नाही. परंतु प्रश्न दरवर्षी विचारला जाणार आहे असे दिसले, म्हणजे समितीस पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात त्यासाठी एक रकाना आखावाच लागेल.